वाचकांचे प्रश्न : घरच्या सिममधलं प्रवासी जेट

प्रश्न : फ्लाइट सिम्युलेटरसोबत (सिमसोबत) आलेली विमानं उडवून झाली. आता तपशीलवार जेट घ्यायचंय. बोइंग ७३७ घ्यावं की एअरबस ए३२०? आणि पैसे मोजावेच लागतात का?

नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायरचं ए३२० निओ आणि एक्स-प्लेनसाठी झिबोचं ७३७-८०० मोफत मिळतं, आणि दोन्ही वर्षभर शिकायला पुरतील इतकी खोल आहेत. यंत्रणा कशा चालतात हे स्वतः स्विच दाबून समजून घ्यायची हौस असेल तर ७३७ घ्या. त्यात इंधनाचे पंप, ब्लीड (इंजिनातून घेतलेली दाबाची हवा), पॅक (केबिनची वातानुकूलन यंत्रं), जनरेटर सगळं एकेक करून लावावं लागतं. एअरबसमध्ये यातलं पुष्कळसं आपोआप होतं. तिथली मजा ऑटोपायलटचे मोड नेमके ओळखण्यात आहे. कोणतंही घ्या, पण चार-सहा महिने दुसऱ्याला हात लावू नका. दोन विमानांच्या सवयी एकमेकींत मिसळल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

प्रश्न : ७३७-८०० चं इंजिन सुरू करताना एन-टू (इंजिनाच्या आतल्या भागाचा फिरण्याचा वेग) १६-१७ टक्क्यांवर अडतं. एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) चालू असतो. चुकतं कुठे?

बहुतेक वेळा पॅक चालू राहिलेले असतात. ७३७ चा स्टार्टर हवेवर फिरतो, विजेवर नाही. ती हवा एपीयूकडून येते आणि केबिन गार ठेवणारे दोन पॅक तीच हवा खातात.

दोन्ही पॅक ‘ऑफ’ आणि एपीयू ब्लीड ‘ऑन’ करा. आयसोलेशन व्हॉल्व्ह ‘ऑटो’वर असू द्या. तो बंद असेल तर एपीयूची हवा डाव्या बाजूलाच राहते, उजव्या इंजिनापर्यंत पोचत नाही. आता डोक्यावरच्या पॅनेलवर डक्ट प्रेशर (नळीतल्या हवेचा दाब) बघा. समुद्रसपाटीला ते निदान ३० पीएसआय हवं. मग स्टार्ट स्विच ‘ग्राउंड’वर न्या. प्रेशरचा काटा लगेच खाली येतो. तो यायलाच हवा, कारण व्हॉल्व्ह उघडून हवा इंजिनाकडे निघालेली असते. एन-टू २५ टक्के झालं की इंधन सोडणारा स्टार्ट लिव्हर ‘आयडल’ला. काही सेकंदांत ईजीटी (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचं तापमान) चढू लागतं आणि ५६ टक्क्यांच्या सुमारास स्विच आपोआप परत येतो. इंधन घाईने सोडलंत तर पुरेशा हवेअभावी ईजीटी ७२५ अंशांची मर्यादा ओलांडतं. लिव्हर वर नेऊनही परत ‘कटऑफ’ला पडत असेल, तर जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) अॅक्सिस कुठेतरी बांधलेला आहे का पाहा. तो काढून टाका.

इंजिनं सुरू झाल्यावर जनरेटर लावा, पॅक पुन्हा ‘ऑटो’वर घ्या आणि एपीयू ब्लीड बंद करा. पॅक विसरलात तर चढताना केबिनमधला दाब घटत जातो आणि भोंगा वाजतो. चुकीच्या टेकऑफ-मांडणीचा इशारा देणाराही हाच भोंगा. २००५ मध्ये हेलिओस या विमान कंपनीच्या ७३७ मध्ये दाबाचा सिलेक्टर ‘मॅन्युअल’वर राहिला होता आणि वैमानिकांनी हा भोंगा टेकऑफ-मांडणीचा इशारा मानला. हवेत भोंगा वाजला तर आधी केबिनची उंची बघायची, ही सवय सिममध्येही लावा.

प्रश्न : ए३२० मध्ये टेकऑफनंतर ‘लिव्हर क्लाइंब’ ही सूचना लुकलुकत राहते आणि वेग हवा तसा राहत नाही.

तुमचा थ्रॉटल ‘क्लाइंब’च्या खाचेत बसलेला नाही. ए३२० मध्ये लिव्हर त्या खाचेच्या वर असेल तर ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नुसता तयारीत राहतो. खाली असेल तर तो चालतो, पण लिव्हर आहे तिथवरच जोर देतो. विमानाच्या टॅब्लेटमधल्या कॅलिब्रेशनच्या पानावर आयडल, क्लाइंब, फ्लेक्स (टेकऑफचा कमी केलेला जोर) आणि टोगा (पूर्ण जोर) या चारही जागा नोंदवा, आणि प्रत्येकीला थोडा रुंद पट्टा द्या. साध्या जॉयस्टिकचा अंक सतत थरथरतो, त्यामुळे अरुंद पट्टा टिकत नाही. ‘लिव्हर असिम’ दिसलं तर एकच लिव्हर खाचेत आहे, दुसरा नाही. उतरताना २० फुटांवर ‘रिटार्ड’ ऐकू आलं की लिव्हर आयडलला खेचाच. ते राहिलं तर पंखांवरचे स्पॉयलर उघडत नाहीत आणि विमान धावपट्टीवर तरंगत जातं.

प्रश्न : दर वेळी विमानतळाजवळ फार उंचावर पोचतो. काय करावं?

हिशेब आधीच करून ठेवा. जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल लागतात. ३५,००० वरून ३,००० फुटांवर यायचं तर ३२ गुणिले ३, म्हणजे ९६ मैल. त्यात वेग कमी करायला १० मैल घाला. मागून जोराचा वारा असेल तर आणखी थोडे. जेटला एकाच वेळी भराभर उतरणं आणि वेग कमी करणं जमत नाही, म्हणून ते दहा मैल महत्त्वाचे. खाली येण्याचा दर काढायला जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा: ४५० नॉट्सला मिनिटाला सुमारे २,२५० फूट, १४० नॉट्सला ७००.

७३७ मध्ये व्हीनॅव्ह (चढ-उतार आपोआप सांभाळणारा मोड) असूनही उंच राहायचं नेहमीचं कारण म्हणजे ऑटोपायलटच्या खिडकीत खालची उंची लावलेली नसते. ती लावल्याशिवाय विमान क्रूझची उंची सोडत नाही. दुसरं कारण, उतरतानाचे वारे एफएमसीत (विमानाच्या उड्डाण-संगणकात) भरलेले नसतात. मग संगणकाने आखलेला उतार प्रत्यक्षात तीव्र ठरतो, वेग वाढतो आणि ‘ड्रॅग रिक्वायर्ड’ येतं. स्पीडब्रेक ओढा, पण हवेत ‘फ्लाइट डिटेंट’ या खाचेच्या पुढे नाही. जास्तीची उंची वरच, वेग चढवून ऑटोपायलटच्या ‘लेव्हल चेंज’ मोडमध्ये गाळून टाका. १०,००० फुटांखाली २५० नॉट्सची मर्यादा लागू झाल्यावर हाताशी फारसं काही उरत नाही. आयएलएसचा ग्लाइडस्लोप (धावपट्टीकडे नेणारा रेडिओ-उतार) नेहमी खालून पकडा. टचडाउनपासून १० मैलांवर धावपट्टीच्या वर साधारण ३,००० फूट असाल तर जागा बरोबर आहे.

प्रश्न : संध्याकाळी तासभरच मिळतो. सिममधला वेळ भरभर पळवला तर विमान डुलायला लागतं.

क्रूझमध्ये, सरळ मार्गावर चौपटीपर्यंत बहुधा निभावतं. वळण असलेल्या पॉइंटच्या ३० मैल आधी पुन्हा एकपट करा, कारण चढ्या दरात ऑटोपायलटला दुरुस्तीच्या फेऱ्या कमी मिळतात. आणि उतरणीच्या सुरुवातीला आपोआप थांबायची सोय तुमच्या अॅड-ऑनमध्ये असेल तर ती लावून ठेवा. टेकऑफ आज, उतरणं उद्या.