भाच्याला बँडमध्ये बघायला ओहायो स्टेडियमला जाताय?

ताई, आधी अभिनंदन! भाचा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये (चालत वाजवणाऱ्या वाद्यवृंदात) असणं ही साधी गोष्ट नाही.

अमेरिकन फुटबॉलचे नियम घोकत बसू नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं कळलं की पहिल्या दिवसापुरतं भागतं. बाकीचं शेजारचे आजोबा न विचारता सांगतात.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- पर्स. पारदर्शकच पिशवी लागते, तीही १२ इंचांच्या आतली. मी पहिल्या वेळी चामड्याची पर्स घेऊन गेले आणि ती ठेवायला दोन मैल चालत गाडीपर्यंत परतले. तिकीट फोनवर आधीच उतरवून ठेवा. लाखभर माणसांत नेटवर्क मान टाकतं.
- थंडी. बाक ॲल्युमिनियमचे. नोव्हेंबरात दोन थर जास्त घाला, खाली घ्यायला जाडसर गादी न्या.
- मध्यंतराला खायला उठणं. ही सगळ्यात मोठी चूक! तुमचा भाचा तेव्हा मैदानात असतो.

सामना सुरू होण्याआधीच जागेवर बसा. बँड उतारावरून धावत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. १९३६ पासून ते मैदानावर चालता चालता आपल्या रांगेनंच इंग्रजीत 'Ohio' हा शब्द लिहितात, आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती घ्यायचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा) ऐटीत जाऊन त्यातल्या 'i'वरचं टिंब होतो.

दोनशेवर सारखे गणवेश असतात, त्यामुळे भाच्याला त्याची रांग आणि जागा आधीच विचारून ठेवा. मी पहिला अर्धा तास भलत्याच मुलासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.