पावसाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणी गरम का राहते?

प्रश्न : वाळूजच्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे साचे थंड करण्यासाठी कूलिंग टॉवर आहे. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश सेल्सिअस असताना पाणी २७ अंशांवर मिळत होते. आता जुलैत हवाच २७ अंश असूनही पाणी ३१ अंशांखाली उतरत नाही. यंत्रे तेवढीच चालतात. ऑपरेटर पंपाचा व्हॉल्व्ह आवळून पाहतो, पण फरक पडत नाही. उपाय काय?
– एक वाचक, मेंटेनन्स विभाग

उत्तर : टॉवर पाणी थंड करतो तो मुख्यतः बाष्पीभवनाने. शंभर लिटरांपैकी एक लिटर पाणी उडून गेले की उरलेले सहाएक अंशांनी उतरते. म्हणून हवा किती गार आहे यापेक्षा ती किती कोरडी आहे, याला महत्त्व असते. तापमापकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात धरल्यावर जे तापमान दिसते, ते वेट बल्ब तापमान, आणि टॉवरचे पाणी त्याच्याही खाली कधीच जात नाही. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांच्या हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर वेट बल्ब सुमारे २२ भरतो. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तो २५ होतो.

मात्र सगळा दोष पावसाळ्यावर ढकलता येणार नाही. एप्रिलमध्ये तुमचे पाणी वेट बल्बच्या पाच अंश वर होते. उष्णतेचा भार तोच असेल, तर वेट बल्ब वाढल्यावर हे अंतर किंचित कमी व्हायला हवे, म्हणजे पाणी २९ ते ३० अंशांच्या दरम्यान मिळायला हवे. तुमचे अंतर उलट सहावर गेले आहे, तेव्हा एक-दोन अंश टॉवरकडेच हरवत आहेत. पंप बंद करून वर चढा आणि नोझल (पाणी फवारणारी तोंडे) पाहा : क्षारांनी दोन-तीन बुजले असतील, तर त्यांच्याखालचे फिल (पाणी पसरून हवेला भेटावे म्हणून टॉवरमध्ये बसवलेला भराव) कोरडे राहते आणि हवा त्या वाटेने काहीच काम न करता निघून जाते. फिलवर पांढरा, बोटाने खरवडला तरी न निघणारा थर दिसला, तर ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधले थोडे पाणी सोडून देणे) अपुरा आहे असे समजावे.

व्हॉल्व्ह आवळणे ताबडतोब थांबवावे. प्रवाह घटला की साच्यांतून परतणारे पाणी अधिक तापलेले येते, फिल सर्वत्र भिजत नाही आणि अर्धवट ओल्या भागांवर क्षार लवकर धरतात. तुमचा पांढरा थर (असल्यास) कदाचित याच सवयीची देणगी असेल.

तापमानाचे नियंत्रण पंख्यावर ठेवावे. पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) असल्यास उत्तमच, कारण वेग ८० टक्क्यांवर आणला की विजेचा भार जवळपास निम्मा होतो. नसल्यास पंखा सुरू व बंद होण्याच्या तापमानांत किमान दोन अंशांचे अंतर ठेवावे, अन्यथा हिवाळ्यात मोटर दर काही मिनिटांनी सुरू होऊन तापेल. जुलैसाठी २५ अंशांचा सेटपॉइंट (पाण्यासाठी नेमलेले तापमान) ठेवणे व्यर्थ आहे, पंखा अखंड फिरत राहील. तापमानाचा सेन्सर बेसिनमध्ये (टॉवरखालच्या टाकीत) मेकअप पाण्याच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी येणाऱ्या पाण्याच्या, बॉल कॉकजवळ असेल, तर तो ताज्या पाण्याचेच तापमान सांगत बसेल. तो पंपाकडे जाणाऱ्या पाइपवर बसवावा.