दुर्बीण हवीच, पण आधी सर्जरी

प्रश्न : मी एमबीबीएसची इंटर्न आहे. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये लॅप कोलीला (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना) कॅमेरा धरायला मिळाला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पण परवा एका अवघड पित्ताशयाच्या केसमध्ये सरांनी बराच वेळ झगडून शेवटी पोट उघडलं. मी फार हिरमुसले. पीजीनंतर थेट रोबोटिक सर्जरीकडे जाता येईल का? बाबा म्हणतात, स्किन नाहीतर रेडिओलॉजी घे. – एक इंटर्न, नांदेड

उत्तर : तू हिरमुसलीस त्या केसपासूनच सुरुवात करते. सूज येऊन पित्ताशय आजूबाजूला चिकटलं असलं की त्याची स्वतःची नळी कोणती आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कोणती, हे पडद्यावर फसवं दिसतं. मुख्य नलिका चुकून कापली गेली तर रुग्ण वर्षानुवर्षं भोगतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झपाट्यानं पसरली तेव्हा अशा इजा वाढल्या होत्या. १९९५ मध्ये अमेरिकेतील सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यावर कसोटी मांडली : तिथली चरबी, तंतू साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच रचना दिसल्या, तरच कापा. तसं दिसत नसेल तर पुढे रेटायचं नाही. थोडा भाग मागे ठेवून बाकीचं पित्ताशय काढता येतं, किंवा पोट उघडता येतं. सरांनी दुसरा मार्ग घेतला. त्यात कसली हार?

आता यातली खरी मेख बघ. सोप्या केसेस दुर्बिणीतून होतात, म्हणून उघडून करायच्या उरतात त्या सगळ्यात बिकट. ज्यानं निवासी डॉक्टर (रेसिडेंट) असताना पोट उघडून पुरेसं काम केलेलं नाही, त्याला ते पहिल्यांदा करायची वेळ येते ती रक्तस्राव चालू असताना. त्यामुळे ‘फक्त लॅप शिकायचंय’ या हट्टाला माझा विरोध आहे. सीट निवडताना कॉलेजचं नाव किंवा रोबोट आहे की नाही, यापेक्षा तिथे इमर्जन्सी किती येतात आणि निवासी डॉक्टरांच्या हातात चाकू कधी दिला जातो, हे सेकंड इयरच्या रेसिडेंटला विचार. फोन केलास तर ते मोकळेपणानं सांगतात, बहुधा जेवताना.

मार्ग असा : एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी, तीन वर्षं. मग मिनिमल ॲक्सेस, म्हणजे छोट्या छेदांतून करायच्या सर्जरीची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप, किंवा नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन सर्जिकल गॅस्ट्रोमध्ये (पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांमध्ये) तीन वर्षांची एमसीएच. थोड्या दिवसांचे फेलोशिप कोर्स दारावरच्या पाटीवर छान दिसतात. त्यांच्या भरवशावर राहू नकोस. रोबोट या सगळ्यानंतर.

एक फाटा मात्र आत्ताच ओळखून ठेव, कारण तो पीजीच्या काउन्सेलिंगलाच फुटतो. तोंडावाटे जाणाऱ्या लवचिक एंडोस्कोपचं काम, म्हणजे ईआरसीपी (पित्तनलिकेतले खडे काढणं) वगैरे, आपल्याकडे मुख्यतः एमडी मेडिसिननंतर डीएम गॅस्ट्रो (पचनसंस्थेची सुपरस्पेशालिटी) केलेले डॉक्टर करतात. अकॅलेझियामध्ये अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल होत नाही, घास अडतो. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करत जाऊन आतूनच तो स्नायू कापला. ही पोएम शस्त्रक्रिया. बाहेर एकही टाका नाही. इनोउए स्वतः सर्जन, पण भारतात हे काम बहुतांशी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे आहे. तुला यानंच वेड लावलं असेल तर सर्जरीची सीट चुकीची ठरेल.

नव्याची ओढ असू दे. स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये जर्मनीत दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा तिथले सर्जन त्यांच्यावर तुटून पडले होते. दहा वर्षांनी मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी भारतातली पहिली लॅप कोली केली. पुण्यात २०१७ मध्ये गर्भाशय प्रत्यारोपणासाठी आईचं गर्भाशय दुर्बिणीतून काढून मुलीला बसवलं गेलं. पण २०१८ चा अभ्यासही वाच : गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बीण किंवा रोबोटनं मूलगामी शस्त्रक्रिया (गर्भाशय आणि भोवतालचा भाग काढणं) केलेल्या गटात साडेचार वर्षांनी ८६ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के. छोटी जखम म्हणजे चांगली शस्त्रक्रिया, असं प्रत्येक वेळी होत नाही.

बाबांची काळजी रात्रपाळीची आणि उशिरा सुरू होणाऱ्या कमाईची असावी, आणि ती खोटी नाही. तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वर्षांचा आणि पैशांचा हिशेब कागदावर मांड. बंधपत्राची (बाँडची) सक्तीची सेवाही त्यात धर. शहरातल्या एखाद्या महिला सर्जनशी त्यांची भेट घालून दे.

तोवर उरलेल्या इंटर्नशिपमध्ये इमर्जन्सीच्या ड्यूट्या मागून घे. रात्री तीनला फुटलेलं आतडं आलं आणि तरीही थिएटरमध्ये थांबावंसं वाटलं, तर सर्जरीच भर.