खुर्ची पाठवण्याआधी माप घ्या

वाचक विचारतात

गेल्या अंकात मी नेपाळमधल्या शिबिराबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. मी कोल्हापुरात कृत्रिम पाय आणि कॅलिपर, म्हणजे अधू पायाला बांधायचे आधार, बनवते. भूकंपानंतर नेपाळला गेले ते याच कामासाठी.

ताई, आमच्या महिला मंडळाने घरोघरी फिरून जुन्या व्हीलचेअर, वॉकर आणि कुबड्या गोळा केल्या आहेत. मंडळातल्या एकीचे जावई काठमांडूला असतात. तिथल्या गरीब कुटुंबांना हे सगळं पाठवायचं आहे. ट्रकने पाठवावं की रेल्वेने?
— एक वाचक, इचलकरंजी

ट्रक की रेल्वे ते नंतर बघू. आधी मला सांगा, त्या खुर्च्यांवर बसणार कोण? त्यांचं वय काय, आजार कोणता, कमरेची रुंदी किती, घर चढावर आहे की सपाटीवर? हे माहीत नसेल तर एकही खुर्ची गाडीत चढवू नका.

असं इतकं ठासून का सांगते, ते ऐका. 2015 च्या भूकंपात मणक्याला मार बसलेल्या एका मुलीची खुर्ची मी तिथे तपासली. कुणीतरी अगदी मनापासून दिलेली होती. आपल्या दवाखान्यात वॉर्डबॉय ढकलत नेतो तसली, घडीची आणि मोठ्या माणसाच्या मापाची. पोर त्यात एका अंगाला कलंडून बसायची. आईने दोन्ही बाजूंना गोधडीच्या घड्या कोंबल्या होत्या. बैठकीचं रेक्झिन मधोमध लोंबत होतं, खाली उशी नव्हती. कमरेखाली संवेदनाच नाही, त्यामुळे काही रुततंय हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. माकडहाडापाशी कातडी लालजर्द होऊन फुटायच्या बेतात होती. मणक्याच्या रुग्णाला अशी जखम झाली तर ती हाडापर्यंत जाते, जंतुसंसर्ग होतो, त्यात जीवही जातो. त्या माउलीला वाटत होतं, खुर्ची मिळाली म्हणजे लेकीचं भलं झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने गरीब भागांतल्या व्हीलचेअर वाटपासाठी 2008 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. माणूस तपासा, माप घ्या, खुर्ची त्याच्या अंगाला बसवा, वापरायला शिकवा आणि पुढे दुरुस्तीची सोय ठेवा, असा त्यांचा रोख आहे. खुर्ची नीट बसली की नाही हे तुम्हीसुद्धा ओळखू शकता. बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मांडी सपाट टेकली पाहिजे आणि पाय पायटीवर, म्हणजे खालच्या पाय ठेवायच्या पाटीवर, पूर्ण बसले पाहिजेत. कंबर बाजूच्या पट्ट्यांना जेमतेम लागावी, मोकळी हलता कामा नये. उशी तर हवीच.

शिवाय रस्ता बघा. दवाखान्यातल्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि टणक असतात. फरशीवर ती छान फिरतात, पण खडी-मातीत रुततात आणि खुर्ची पुढे उलटते. म्हणून खेड्यापाड्यांसाठी पुढे एकच मोठं चाक असलेली, लांब बांध्याची तीनचाकी खुर्ची निघाली. मागची चाकं सायकलच्या मापाची असली तर गावातला पंक्चरवालाही ती चालू ठेवतो. एखादं बेअरिंग किंवा टायर तिथे मिळतच नसेल, तर खुर्ची सहा महिन्यांत परड्यात जाऊन पडते. तेव्हा तुमच्याकडची कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची खुर्ची तिथे कोण दुरुस्त करणार?

मग जमवलेल्या वस्तूंचं काय? त्या इथेच कामाला लावा. पाय मोडलेल्या किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला थोडे महिने वॉकर लागतो आणि तो विकत घेणं अनेकांना परवडत नाही. तुमच्या मंडळाने अशी वस्तुपेढीच चालवावी. देण्याआधी कुबडीच्या टोकाचं रबर तेवढं बदला. झिजलेल्या रबराने ओल्या फरशीवर माणूस पडतो. नेपाळला मदत करायचीच असेल, तर तिथे मणक्याच्या रुग्णांवर काम करणारी एखादी नोंदणीकृत संस्था जावयांना प्रत्यक्ष बघून यायला सांगा. पैसे तिला द्या आणि तेही बँकेतूनच. माप तिथे घेतलं जाईल आणि खुर्ची तिथलीच येईल.

आपल्याच जिल्ह्यात इतके गरजू असताना परदेशातल्यांसाठी एवढी धडपड कशाला?
— एक वाचक, कागल

रागावून विचारलं आहे, पण प्रश्न रास्त आहे. इथली गरज खोटी नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड उभी केली, तेव्हापासून हे शहर तो प्रश्न डोळ्यांसमोर पाहतं आहे. तुम्ही इथे द्या, मनापासून द्या, मी आडवी येणार नाही.

फक्त एवढं लक्षात घ्या. आपल्याकडे निदान दार ठोठावायला जागा आहे. अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना आहे, ती साधनं बनवणारा कानपूरचा अलिम्को कारखाना आहे, अपंगत्वाचं यूडीआयडी ओळखपत्र आहे. हेलपाटे पडतात, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत काही ना काही साधन लागतं, आणि त्यांतल्या सुमारे शंभर कोटींना ते मिळत नाही. काही गरीब देशांत तर गरजूंपैकी जेमतेम 3 टक्के लोकांपर्यंत ते पोचतं. आणि 2019 च्या महापुरात शिरोळ-करवीरला जी मदत आली, ती देणाऱ्यांनी कुठे आपला जिल्हा आणि परका जिल्हा पाहिला होता?

आपल्याकडे देण्यासारखं आहेही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय बघा. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्यावर मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात उतरता येतं. बुटात घालायचा परदेशी पाय शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता. 1975 मध्ये स्थापन झालेल्या जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय शिबिरं घेऊन कितीतरी देशांत नेला. उरलेल्या पायाचा पीओपीने साचा घ्यायचा, पाण्यासाठी वापरतात तो एचडीपीई प्लास्टिकचा पाइप तापवून त्यावर चढवायचा, की सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसवायची खोबण, तयार. माणूस बऱ्याचदा त्याच दिवशी उभा राहतो. हे तंत्र गरिबीतूनच आलं आहे, त्यामुळे दुसऱ्या गरीब देशाला ते चटकन मानवतं.

वडील वारले. त्यांची बरीच महागडी औषधं शिल्लक आहेत. आफ्रिकेत जाणाऱ्या एखाद्या वैद्यकीय पथकाकडे देता येतील का?
— एक वाचक, राजारामपुरी

वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण नाही, देऊ नका. घरात उरलेली, पाकीट फोडलेली औषधं परदेशी मदतीत चालत नाहीत. औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत निदान एक वर्ष उरलेली असावी आणि तिथल्या डॉक्टरांनी ते मागितलेलं असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. बोस्नियात युद्धाच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत, 1992 ते 1996 या काळात, सुमारे 17,000 टन निरुपयोगी औषधं मदत म्हणून जाऊन पडली. ती नष्ट करायचा भार त्याच पोळलेल्या देशावर आला. मुदतीतली, न फोडलेली पाकिटं असतील तर वडिलांच्या डॉक्टरांना दाखवा. काय करायचं ते तेच ठरवतील.

परदेशातल्या संस्थेला देणगी दिली तर आयकरात सवलत मिळते का?
— एक वाचक, शाहूपुरी

थेट परदेशी संस्थेला दिली तर नाही. 80जी म्हणून ओळखली जाणारी ही सवलत भारतात मान्यता असलेल्या संस्थेच्याच देणगीवर मिळते, तीही जुन्या करपद्धतीत. 2,000 रुपयांवर रोख दिली तर मिळत नाही, वस्तू दिल्या तरी मिळत नाही. भारतीय संस्था परदेशात खर्च करणार असेल, तर तिने प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी घेतली आहे का, हे विचारा. पुढचं तुमच्या सीएंना विचारा.

मी उद्यमनगरात वेल्डिंग करतो. शिक्षण आयटीआय. अशा शिबिरांत पंधरा दिवस जाऊन काम करायची इच्छा आहे. माझ्यासारख्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उपयोग होईल, भरपूर होईल, पण पंधरा दिवसांत खुर्च्या जोडून परत याल तर थोडा. तिथल्या दोन पोरांना फ्रेम सरळ करणं, बेअरिंग बदलणं आणि पायटीची उंची कमी-जास्त करणं शिकवून आलात, तर तुम्ही परतल्यावरही काम चालू राहील. अफगाणिस्तानात काबूलमध्ये रेडक्रॉसचं कृत्रिम अवयव केंद्र 1988 पासून आहे. आल्बेर्तो कैरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट 1990 मध्ये तिथे गेले आणि तिथलेच झाले. त्या केंद्रात काम करणारे बहुतेक जण स्वतः तिथले जुने रुग्ण आहेत. पाय गमावलेला माणूस दुसऱ्याच्या पायाचं माप घेतो. समोर बसलेल्याला त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही.

तर आधी इथे एखाद्या कृत्रिम अवयव केंद्रात रविवारी जायला लागा. साचा ओतणं, सॉकेट घासणं, सरळ रेषेत जोडणं हे हाताखाली शिका. वर्षभर टिकलात तर शिबिराला नेणाऱ्या संस्थांकडे मी स्वतः तुमची शिफारस करते. पासपोर्टला मात्र आत्ताच अर्ज करून ठेवा. नेपाळला भारतीयांना तो लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, पण पुढे आफ्रिकेचं शिबिर निघालं तर अडायला नको.