रानाचा फोटो काढायचा तर आधी खाली बसा

प्रश्न : नमस्कार. मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. सध्या मुलाकडे पर्थला आले आहे. घराजवळ मूळच्या झाडाझुडपांचं राखलेलं रान आहे, इथे त्याला ‘बुश’ म्हणतात. पहाटे फिरताना मोबाइलवर फोटो काढते. डोळ्यांना कितीतरी दिसतं, फोटोत मात्र नुसता करड्या-हिरव्या फांद्यांचा गुंता येतो. काय करू?

उत्तर : बाई, अख्खं रान एका फोटोत घेऊ नका. बँक्सिया नावाच्या इथल्या झाडांचं हे रान लांबून एकसुरीच दिसतं. त्याचं खरं वैभव गुडघ्याखाली आहे, म्हणून बसा. त्याआधी जागा तेवढी निरखून घ्या. थंडी ओसरली की ड्युगाईट हे विषारी साप उन्हाला येतात.

इथे पाऊस हिवाळ्यातला, आणि इथला हिवाळा जून ते ऑगस्ट. त्यामुळे कासच्या पठारासारखाच इथेही पाऊस ओसरताना बहर येतो. कासवरच्या दवबिंदू या कीटकभक्षी रोपाची भावंडं इथे पायवाटेच्या कडेला, वाळूत उगवतात. त्यांचे चिकट थेंब सकाळच्या तिरप्या उन्हातच चमकतात.

सुरुवात कांगारू पॉपासून करा. लाल देठ, हिरवं फूल. १९६० पासून ते या राज्याचं, पश्चिम ऑस्ट्रेलियाचं, मानचिन्ह आहे. सूर्य फुलाच्या मागे येईल असं बसा आणि भिंगावर हाताची सावली धरा. देठावरची लव कडेने उजळते. स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करा. पोर्ट्रेट मोड मात्र बंदच ठेवा, तो ही लव पुसून टाकतो. मला तर त्या लवेसाठीच फोटो काढावासा वाटतो!

मेंझीस बँक्सियाचं एखादं कणीस हेरून ठेवा. त्यातली फुलं खालून वर उमलत जातात. त्याच कणसाचा रोज त्याच जागेवरून एक फोटो घ्या. निळी सन ऑर्किडं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, पण ती पहाटे मिटलेली असतात. त्यांच्यासाठी ऊन चांगलं तापल्यावर, दहा-अकराला जा.

आता कळकळीचं सांगते. पायवाट सोडू नका. ‘डायबॅक’ नावाचा मुळं कुजवणारा रोग ओल्या मातीतून, आपल्याच बुटांबरोबर पसरतो आणि उभं बँक्सियाचं झाड वाळवून टाकतो. घरून निघताना तळव्याची माती ब्रशने झाडा, परतल्यावरही झाडा. पर्थच्या पट्ट्यातल्या बँक्सियाच्या रानांना २०१६ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षण आहे. चौकट मोकळी दिसावी म्हणून आड येणारी काडीसुद्धा मोडू नका. आपणच थोडं सरकावं. सार्वजनिक जमिनीवरची रानफुलं परवान्याशिवाय खुडणं तर गुन्हाच आहे.

कांगारू पॉचा फोटो जमला की मला जरूर पाठवा.