सह्याद्रीत फिरणाऱ्याला लांगटांगचा टीहाऊस ट्रेक जमेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, गडकिल्ले बरेच केलेत तर तंबू-बिंबू न वाहता नेपाळमधला लांगटांगचा आठवडाभराचा टीहाऊस ट्रेक जमेल का, आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतील का. दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो, हाल अजिबात होत नाहीत, उलट वजन वाढवून परत आलेला माणूस आमच्या घरातच आहे. पहिल्याचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तुमचे पाय टिकतील यात शंका नाही, पण आपल्याकडची ती घाईची सवय तिथे नडते.

आम्ही चौघं नोव्हेंबर २०२३ मध्ये गेलो होतो, मी, बायको, मेव्हणा आणि त्याचा एक मित्र. मेव्हणा म्हणजे अलंग-मदन-कुलंग दोनदा केलेला गडी, सगळ्यांच्या पुढे जाऊन वरून हाका मारणारा. काठमांडूहून बसने स्याब्रुबेसीला पोचायला अख्खा दिवस जातो, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर पण रस्ता असा की हाडं खिळखिळी. आणि गंमत बघा, स्याब्रुबेसी साधारण १५०० मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसुबाई (१६४६ मीटर) जिथे जवळजवळ संपतं तिथे हा ट्रेक सुरू होतो. क्यांजिन गोम्पा, म्हणजे शेवटचा मुक्काम, ३८७० मीटरच्या आसपास आणि त्याच्यावरचं चेर्को री हे शिखर पाच हजाराला थोडं कमी. वाटेतलं लामा हॉटेल हे हॉटेलचं नाव नाही बरं का, ठिकाणाचंच नाव आहे, आम्ही पहिल्या दिवशी बराच वेळ 'लामा' नावाची पाटी शोधत होतो.

टीहाऊस म्हणजे काय तर हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते, रात्री तिथेच पथारी पसरता येते ना, तीच कल्पना, फक्त इथे खोल्या आहेत, खाट, उशी, जाड रजई आणि छापील मेन्यू कार्ड. खोलीचं भाडं नाममात्र असतं पण अट एकच, रात्रीचं आणि सकाळचं जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, कारण त्यांची कमाई स्वयंपाकघरात आहे. झोपायला एकीकडे आणि जेवायला दुसरीकडे असला आगाऊपणा करू नका, वाईट दिसतं. जसजसं वर जाल तसतसे भाव चढतात, त्यावर कुरकुर करण्याआधी वाटेत खेचरांचा तांडा येईल तो बघा, गॅसचे सिलिंडर, तांदळाची पोती सगळं त्यांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून येतं. (तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. खेचर थांबत नाही.) मोबाइल चार्जिंग, गरम पाण्याची आंघोळ, वायफाय याचे वेगळे पैसे.

जेवणात दालभात घ्या, डोळे झाकून. भात, डाळ, बटाट्याची भाजी, पालेभाजी, पापड, लोणचं, आणि आग्रह करकरून पुन्हा वाढतात, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत. नूडल्स आणि पिझ्झाच्या वाटेला जाऊ नका, भूक भागत नाही आणि सरपणही फुकट जातं. लसणाचं सूप सगळीकडे मिळतं, विरळ हवेला चांगलं म्हणतात, औषध म्हणून माहीत नाही पण थंडीत चव लागते. क्यांजिनला सीबकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाच्या फळांचा आंबटगोड नारिंगी रस मिळतो तो सोडू नका. आणि चीज! स्वित्झर्लंडच्या मदतीने १९५५ मध्ये सुरू झालेली चीज फॅक्टरी तिथे आहे, लोक त्याला याकचं चीज म्हणतात पण याक हा नर, दूध देते ती नाक, हे आम्हाला तिथल्या टीहाऊसवाल्या दीदीने हसत हसत समजावलं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक पहिल्या दिवशी लामा हॉटेल (साधारण २४८० मीटर), दुसऱ्या दिवशी थेट लांगटांग गाव (३४३० मीटर), तिसऱ्या दिवशी क्यांजिन असं करतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी झोपायची उंची एका दमात साडेनऊशे मीटर वाढते, आणि ३००० च्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून रोज झोपायची उंची पाचशेच्या वर वाढवू नये असं डॉक्टर लोक सांगतात. नेमकं हेच त्या टप्प्यात मोडलं जातं. वाट सोपी आहे, जंगल आहे, वानरं दिसतात, वाटेतल्या घोडाताबेला या मुक्कामाच्या पुढे दरी उघडते आणि बर्फाचे डोंगर दिसायला लागतात त्यामुळे माणूस हुरळून सुसाट जातो. आमचा मेव्हणा दुपारी एकलाच लांगटांगला पोचून आमची वाट बघत बसला होता. संध्याकाळी डोकं धरलं, म्हणाला ऊन लागलं. जेवला अर्धंच. सकाळी पित्त झालंय म्हणाला आणि क्यांजिनपर्यंत आला, अंतर फक्त तीनेक तासांचं, पण शेवटच्या चढावर प्रत्येक वीस पावलांनी थांबत होता, जो माणूस राजगडावर आम्हाला चिडवायचा.

क्यांजिनच्या टीहाऊसमध्ये बुखारीच्या, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीच्या, भोवती सगळे बसलेले, दीदीने ताटं आणली. त्याच्या ताटातली डाळ तशीच, वर साय धरलेली. दोन घास घेतले आणि बाहेर जाऊन ओकला. आम्ही अजून गोळी कुठली द्यायची, डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) की क्रोसिन, याची चर्चा करत होतो. दीदी त्याच्या ताटाकडे बघत होती. तिने गोळीबिळी काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "भाइ, तल झर्नुस्", म्हणजे खाली उतरा. दुपारचे अडीच वाजले होते, उजेड होता. मी आणि तो निघालो, त्याची सॅक तिच्या भाच्याने उचलली, बायको आणि मित्र वरच थांबले. दोन तासांत लांगटांग. तिथे रात्री आठ वाजता ह्या माणसाने दालभात दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मला बरं वाटलं. औषधाने नाही हो, नुसत्या साडेचारशे मीटर उतरण्याने. पुढचा दिवस तिथेच काढला, त्याच्या पुढच्या दिवशी परत वर, आणि क्यांजिन री या क्यांजिनच्या वरच्या डोंगराचा खालचा टप्पा त्याने केला, सगळ्यांच्या मागून, काठी टेकत. चेर्को री राहिलं.

हे जमलं कारण आमच्याकडे दोन दिवस शिल्लक होते. विमानाची तिकिटं ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाची असती तर कदाचित आम्ही त्याला वरच झोपवलं असतं. म्हणून स्याब्रुबेसी ते स्याब्रुबेसी आठ दिवस धरा, सहा नको, आणि घोडाताबेला किंवा वाटेतल्याच थांग्स्यापला एक रात्र जास्तीची काढा. डोकं दुखतंय, भूक मेलीय, झोप नाही, यातलं काही असेल तर वर जायचं नाही. डायमॉक्सबद्दल घरच्या डॉक्टरांशी निघण्याआधीच बोला, ती लक्षणं झाकायची गोळी नाही. श्वास लागला तर लाज कसली, तिथले हमाल पण "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, म्हणतच चालतात.

लांगटांग गावाआधी दगडामातीचा एक अफाट पसारा ओलांडावा लागतो, वीसेक मिनिटं तरी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दरड कोसळली आणि जुनं गाव त्याखाली गेलं, गावकरी, ट्रेकर मिळून तीनशेच्या वर माणसं गेली. वाऱ्याच्या नुसत्या झोताने समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली होती. कड्याच्या पोटाशी असलेलं एकच घर वाचलं, ते अजून दिसतं. गाव शेजारी पुन्हा उभं राहिलंय, ज्या घरात तुम्ही जेवाल त्या घरातलं कोणीतरी त्या दरडीत गेलेलं असण्याची शक्यता खूप. आमच्या मुक्कामाच्या मालकिणीने आपणहून सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं, तुम्हीही विचारू नका. तिथे नावांची शिळा आहे, तिच्या डाव्या बाजूने जा. मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) यांचंही तेच, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवायच्या, देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच.

बाकी किरकोळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे जा, वसंतात गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेले असतात, पावसाळ्यात जळवा आणि दरडी. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला गाइड लागतो असा नियम आहे, आम्ही काठमांडूतूनच एक तामाङ (तिथल्या डोंगरी समाजाचा) भाऊ गाइड म्हणून घेतला आणि मेव्हण्याच्या प्रकरणात तो सोन्यासारखा कामाला आला, तेव्हा पैसे वाचवायला गाइड टाळू नका. भारतीयांना सार्कच्या दरात परमिट मिळतं, परदेशी लोकांपेक्षा बरंच स्वस्त. वर एटीएम नाही, नेपाळी रोकड खालूनच घ्या, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. स्लीपिंग बॅग पातळशी असू द्या, रजया असतात पण धुतलेल्या कधी ते विचारायचं नाही. आणि विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, नुसतं आधार घेऊन विमानतळावर गेलात तर तिथेच ट्रेक संपेल, मेव्हण्याच्या मित्राला घरून कार्ड मागवायला लावलं होतं, बोर्डिंगला चाळीस मिनिटं राहिली असताना.