मेंढपाळाच्या वेषातला रेम्ब्रांट काढला कोणी?

प्रश्न : वाचनालयात युरोपियन चित्रकारांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यात एका चित्रात तरुण माणूस, हातात काठी आणि बासरी, खाली ‘मेंढपाळाच्या वेषातला रेम्ब्रांट’. हे त्याचं सेल्फ पोर्ट्रेट का? आणि एवढ्या मोठ्या शहरातला नावाजलेला चित्रकार मेंढपाळ कशाला होईल?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : ताई, चित्राखाली बारीक टायपात गोवर्ट फ्लिंक हे नाव बहुतेक असेल, परत एकदा बघा. चित्र १६३६ च्या सुमाराचं, आता अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. म्हणजे हे सेल्फ पोर्ट्रेट नाहीच, शिष्याने काढलेलं गुरूचं चित्र. फ्लिंक १६१५ चा, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा पोरगा, आणि रेम्ब्रांट तिशीचा.

मेंढपाळ का, तर तेव्हा हॉलंडच्या शहरांत या वेषाचं वेडच होतं. पैसेवाली माणसं रोज काळे कपडे आणि ताठ पांढरी कॉलर घालून हिंडायची, पण नाटकांत, कवितांत सगळीकडे प्रेमात पडलेले मेंढपाळ, मग पोर्ट्रेट काढून घेतानाही लोकांना तोच वेष हवा असायचा, नवराबायको जोडीने सुद्धा. फ्लिंकने रेम्ब्रांटची बायको सास्किया हिलाही मेंढपाळीण करून रंगवलंय. आपल्या जत्रेत गवळणकाला होतो, दिवसभर बँकेत बसणारा शेजारचा माणूस काठी-कांबळं घेऊन पेंद्या होऊन येतो आणि तरी मांडवातलं लहान पोर पण त्याला चेहऱ्यावरून ओळखतं, तसंच हे. वेष उसना, चेहरा घरचा.

रेम्ब्रांटला स्वतःलाही नटायची भारी हौस. पेंटिंग, एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेले छाप), ड्रॉइंग सगळं धरलं तर त्याने स्वतःचीच काढलेली ऐंशीच्या आसपास चित्रं आहेत, १६३१ मध्ये पूर्वेकडचा सरदार झालाय, १६६१ मध्ये संत पॉल. पण मला विचाराल तर वेषाची खरी गंमत त्याने सास्कियाच्या चित्रात केलीय, ते १६३५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लग्न होऊन वर्षच झालेलं. केसांत फुलं, एका हातात पानाफुलांनी गुंडाळलेली काठी, दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ, अंगावर भरतकाम केलेला भारी झगा, असला झगा घालून कोण मेंढरं राखणार सांगा! आणि त्या चित्राचा एक्सरे काढला तर खालच्या थरात वेगळंच काहीतरी दिसलं, आधी तो तिला बायबलच्या कथेतली ज्युडिथ करत होता असं दिसतं, शत्रू सेनापतीचं मुंडकं कापणारी. म्हणजे जिथे आज गुच्छ आहे तिथे आधी ते मुंडकं यायचं होतं. मग विचार बदलला, वरून रंग चढला, कथा पार उलटी झाली, चेहरा मात्र सास्कियाचाच. हे वाचल्यापासून मला तो गुच्छ नुसता गुच्छ म्हणून बघताच येत नाही.

आणखी एक. आपल्या गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५), त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणायचे, तेही बायकोला, मुलींना समोर बसवून रंगवायचे. त्यांची चित्रं पणजीत फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. फोंड्याहून कितीसं लांब, एखाद दिवस सवड काढून जा आणि पुस्तक बघितलंत तसं आधी चेहरे बघा, कपडे नंतर.